पैजेचा कांदा

दोन गोष्टींपुढे आपण जन्मात मान तुकवणार नाही, असं वस्ताद छातीवर हात ठेवून सांगायचे. एक बोथट वस्तरा आणि दुसरा कांदा!

वस्ताद म्हणजे गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं सलून होतं ते. त्यांना वस्ताद सोडून कुणी दुसऱ्या नावानं हाक मारलेली कुणाच्या कानावर नव्हती. दुकानाला पाटीही नव्हती. पाटीची गरजच काय? वस्तादांच्या मिशा होत्या ना! दाट, पिळदार, दोन्ही टोकं अशी वर वळलेली की त्यांवर टोपी अडकवावी. नवीन गिऱ्हाईक पत्ता विचारायला लागलं की लोक म्हणायचे, "सरळ जा, मिशा दिसल्या की आत शिरा."

आता कांद्याशी एवढं वैर का? तर धंद्यामुळे. डॉक्टर रोग्याला सांगू शकतो, तोंड तिकडे कर. दाढी करणाऱ्याला ती सोय नाही. गिऱ्हाईक खुर्चीत मान मागे टाकून पसरतं, आ वासतं आणि वर गप्पाही मारतं. त्या तोंडावर वाकून वस्तादांची उभी हयात गेली होती. गल्लीत कोण काय जेवलं हे त्याच्या बायकोच्या आधी वस्तादांच्या नाकाला कळायचं. त्यातही कच्चा कांदा खाऊन आलेलं गिऱ्हाईक म्हणजे बंदुकीची नळीच! तेव्हा बाहेर जे सोसायचं ते सोसलं, पण घरात नाही. लग्न झाल्यापासून त्यांच्या उंबऱ्याच्या आत कांदा आला नव्हता. वस्तादीणबाई बिनकांद्याचा स्वयंपाक करत आल्या होत्या आणि वस्ताद मिशांना पीळ देत जेवत आले होते.

असा सगळा सुखाचा संसार चालला असताना एका रविवारी जेवताना त्यांचा मुलगा घसा खाकरून म्हणाला, "बाबा, एक बोलायचं होतं."

"बोल की. परवानगी काय मागतोस, कोर्टात उभा आहेस का?"

मुलानं शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. सूनबाईंनी ताटाकडे पाहिलं. ताटातली भाजी जशी वाढली तशीच होती.

"हिला हल्ली इथलं जेवण जात नाही. म्हणून म्हटलं, थोडे दिवस हिच्या माहेराच्या बाजूला एखादी खोली बघावी."

वस्तादांचा घास हातातच राहिला. एकुलता एक मुलगा! सून घरात येऊन वर्ष होत आलं होतं आणि वस्तादांना तिचा लळा असा लागला होता की संध्याकाळी दुकान बंद करताना घरी सांगायच्या गमती ते पाठ करत यायचे. बायको त्या गमतींना हसणं कधीच सोडून बसली होती. सून मात्र पोट धरून हसायची. ती गेली तर हसणार कोण?

"थोडे दिवस म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"बघू," मुलगा म्हणाला.

'बघू' म्हणजे कायमचं, हे न कळायला वस्ताद काही काल जन्मले नव्हते. आणि जेवण का जात नाही, हेही त्यांना क्षणात उमगलं! सूनबाईंचे वडील पाववाले. त्यांच्याकडे कांद्याशिवाय चूल पेटत नाही, हे तिनंच नवी नवरी असताना हसत हसत सांगितलं होतं. भाजीत कांदा, डाळीत कांदा, अंड्यात कांदा, पावातसुद्धा कांदा! बिचारी वर्षभर बिनकांद्याचं गिळत होती. किती दिवस गिळणार?

वस्तादांनी पाण्याचा पेला खाली आपटला.

"कांदाच ना? कांदाच ना शेवटी? तो काय वाघ लागून गेला? ऐका सगळे! पुढच्या रविवारी याच जागी बसून अख्खा कच्चा कांदा खाऊन दाखवतो. त्यानंतर घरात पोतंभर आणा. नाही खाल्ला तर या मिशा माझ्या हातानं उतरवीन!"

"अहो बाबा, कांद्याचं कोण बोलतंय..." मुलगा चाचरला.

"तू बोलू नकोस! मला कळतं." वस्ताद हात धुवायला उठलेसुद्धा.

सूनबाई काहीतरी सांगणार होत्या, पण तोंडावर पदर धरून त्या घाईघाईनं आत गेल्या. 'भरून आलं पोरीला,' वस्ताद मनात म्हणाले.

पैज मारणं सोपं. बंदूक विकत घेण्याइतकं सोपं. पुढे वाघ येतो! त्या दुपारी वस्तादांनी बायकोला मागच्या अंगणात गाठलं आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "अगं, कांदा खायची सुरुवात कुठून करतात?"

"तोंडातून," वस्तादीणबाई म्हणाल्या.

"थट्टा नको. तुला तरी काय माहीत म्हणा. तूही माझ्यासारखीच. इतकी वर्षं शिवली नाहीस कांद्याला."

 वस्तादीणबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "अहो, मी रोज दुपारी शेजारणीकडे जाते ना?"

"वाटी परत करायला."

"इतकी वर्षं रोज एकच वाटी कोण परत करतं हो?"

वस्ताद मटकन पायरीवर बसले. लग्नाची बायको! डोळ्यांदेखत! रोज! आणि अख्ख्या गल्लीची जेवणं हुंगणाऱ्या या नाकाला पत्ता नाही?

"वास कसा नाही आला मला?"

"बडीशेप," त्या म्हणाल्या. "मूठभर."

रागावावं की गुरू करावं? वेळ थोडा होता. वस्तादांनी गुरू केलं. ठरलं असं, की घरात काही करायचं नाही. सूनबाईंना रविवारी एकदम आनंदाचा धक्का द्यायचा. तालीम सगळी दुकानात, आणि घरी परतताना मूठभर बडीशेप.

पहिल्या दिवशी वस्तादीणबाईंनी कांद्याची एक पातळ चकती डब्यातून पाठवली. वस्तादांनी गिऱ्हाईक नसताना आरशामागच्या पडद्याआड जाऊन डबा उघडला. नाकानं असा काही निषेध नोंदवला की डोळ्यांतून धारा लागल्या! चकती जिभेला लावली. जीभ घशात पळून गेली. त्यांनी डोळे मिटून चकती दाताखाली धरली, भिंतीला टेकले आणि हुंदका द्यावा तसा आवाज काढला.

नेमका त्याच वेळी शेजारच्या दुकानातला शिंपी कात्री धार लावायला द्यायची म्हणून आत आला. पडद्याच्या फटीतून त्याला काय दिसलं? वस्ताद, ज्यांच्या मिशा बघून कुत्री वाट बदलतात ते वस्ताद, भिंतीला कपाळ लावून ढसाढसा रडताहेत!

शिंपी पावलं न वाजवता मागे फिरला. कात्री हातात तशीच. पण जीभ काही त्याला म्यानात ठेवता आली नाही. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. मुलगा वेगळा निघालाय आणि वस्ताद आतल्या आत झुरताहेत!

इकडे तालीम पुढे सरकत होती. चकतीनं जमेना म्हणून वस्तादीणबाईंनी शेजारणीकडे बसून कांदा किसला, पिळला, त्या रसात थोडं व्हिनेगर आणि साखर घातली आणि लोशनच्या एका रिकाम्या निळ्या बाटलीत भरून दिला. "अधूनमधून एकेक घोट घ्या. जिभेची भीड मोडेल."

वस्ताद घोट घ्यायला लागले. घोट घेतला की तोंड वेडंवाकडं व्हायचं, डोळे भरायचे, अंगावर शहारा यायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय घेताय वस्ताद?"

"औषध," वस्ताद डोळे पुसत सांगायचे.

झालं! दु:खाला आजार येऊन मिळाला. दुसऱ्या दिवसापासून दाढी न वाढलेली माणसंसुद्धा दाढीला यायला लागली. खुर्चीत बसायची आणि वस्तादांचा हात धरून म्हणायची, "धीर सोडू नका." एकानं आपला मुलगा वेगळा झाला तेव्हाची हकिगत सांगितली आणि स्वत:च रडला. त्याला गप्प करायला वस्ताद त्याच्या तोंडाजवळ वाकले, तर तो आणखीच रडला. आता त्याला दोष कसा द्यावा? वाकलेल्या तोंडाला कांदा मारत होता!

वस्तादांना एक गंमत वाटली. इतकी वर्षं जी नळी त्यांच्यावर रोखलेली होती ती आता त्यांच्या हातात होती. गिऱ्हाइकं खुर्चीत कशी शहाण्यासारखी तोंड मिटून बसायला लागली होती!

शेवटी शिंप्यानंच विषय काढला. "वस्ताद, मन मोकळं करा. आम्ही परके का?"

"अरे, मी रडत नाही!" वस्ताद वैतागले. "कांदा खायला शिकतोय. घरात पैज लावली आहे. रविवारी अख्खा खायचा, नाहीतर मिशा उतरवायच्या!"

शिंप्यानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ज्या नजरेनं तापात बरळणाऱ्याकडे बघतात. "हो हो," तो म्हणाला. "कांदाच असणार." आणि बाहेर जाऊन त्यानं सांगितलं, "दु:ख डोक्यात गेलंय बिचाऱ्याच्या."

या गडबडीत शाळेचे हेडमास्तर आले. त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता, दुपारी निरोपाचा समारंभ. "वस्ताद, चेहरा असा करा की वीस वर्षं मागे गेलो पाहिजे!"

वस्तादांनी जीव ओतून दाढी केली. मग हेडमास्तरांचं भाषण कानांनी ऐकत, नजर घड्याळाकडे ठेवत त्यांनी फळीवर हात घातला, निळी बाटली उचलली, तळहातावर भरपूर ओतलं आणि हेडमास्तरांच्या दोन्ही गालांवर, हनुवटीवर, मानेवर चोळलं. चांगलं चोपून.

"झोंबतंय हो," हेडमास्तर म्हणाले.

"चांगलं लोशन झोंबणारच," वस्ताद म्हणाले आणि मग त्यांच्या नाकानं त्यांना हाक मारली. फळीवर लोशनची बाटली जागच्या जागी होती. हातात होती ती दुसरी!

सांगावं का? हेडमास्तर ओले डोळे पुसत उठले, "दुकान सोडतानासुद्धा भरून येतंय बघा," म्हणाले आणि चालते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर हजर! वस्तादांनी वस्तरा खाली ठेवला. मार खाताना हातात हत्यार नको. पण हेडमास्तरांनी त्यांना मिठीच मारली.

"वस्ताद, काय भाषण झालं म्हणून सांगू! जन्मभर भाषणं केली, समोर जांभया पाहिल्या. काल पहिली रांग रडली! जवळ येऊन हात मिळवला तो प्रत्येक जण रडला. कवायतीचे मास्तर, ज्यांना कुणी हसताना पाहिलं नाही, ते माझ्या गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडले! लोकांचं आपल्यावर एवढं प्रेम असतं, आपल्यालाच कळत नाही हो."

"नाही कळत," वस्ताद बारीक आवाजात म्हणाले.

"आणि ते कालचं लोशन लावा जरा. लाभतंय मला."

मात्र त्या रसानं एक चमत्कार केला होता खरा. शनिवारी बाटली संपली आणि दुपारी वस्तादांना काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. जीभ टाळूला लागून काहीतरी शोधत होती. डब्यातला कांदा त्यांनी उभा चिरला, मीठ लावलं आणि एक फोड तोंडात टाकली. करकर आवाज झाला. मग गोड लागली, मग तिखट, मग पुन्हा गोड. त्यांनी दुसरी टाकली. तिसरी. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आता ते वेगळं पाणी होतं. 'अरे, हे असं असतं होय?' ते आरशातल्या स्वत:ला म्हणाले. 'आणि मी गाढव, इतकी वर्षं!' त्यांनी तृप्तपणे त्याच बोटांनी मिशांना पीळ दिला.

रविवार उजाडला. वस्ताद ताटावर बसणार, तोच दारात सूनबाईंचे वडील उभे! काखेत पावाचं भलंमोठं पुडकं, चेहरा रडवेला.

"व्याहीबुवा," ते आत येत म्हणाले, "माझ्या लेकीपायी तुम्ही दिवसभर रडता, औषधं पिता, हे ऐकून माझा पाव भट्टीत जळला हो! पोरगी वेगळी निघत असेल तर मी तिला समजावतो. रागावू नका. हा घ्या, खास तुमच्यासाठी भाजलाय." त्यांनी पुडकं उघडलं. आत, वर, खाली, सगळीकडे खरपूस कांदा!

"वेळेवर आलात, बसा!" वस्ताद गरजले. "सूनबाई, इकडे ये. समोर बस. अगं, आण तो!"

वस्तादीणबाईंनी मुठीएवढा कांदा ताटात ठेवला. वस्तादांनी त्यावर बुक्की मारली. कांदा फुटला. सगळे श्वास रोखून बघत होते. सूनबाईंनी तर फारच रोखला होता. वस्तादांनी पहिला पापुद्रा तोंडात टाकला. करकर! दुसरा. करकर! डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर आठी नाही. उलट मध्येच व्याह्यांच्या पावाचा तुकडा तोडून बरोबर घेतला. शेवटचा पापुद्रा संपवून त्यांनी मिशांवरून हात फिरवला आणि सुनेच्या अगदी जवळ वाकून, तोंडभर हसून म्हणाले, "हाऽऽ! आता सांग पोरी, जातेस?"

सूनबाई गेल्या! तोंडावर हात दाबून, ताट ओलांडून, थेट न्हाणीघरात!

आतून आवाज यायला लागले. वस्तादांचं हसू मिशांतच वाळलं.

"कांदा खाल्ला तरी नाहीच का?" ते हताशपणे म्हणाले. "आता काय, मुळे खाऊ?"

वस्तादीणबाई न्हाणीघराकडे धावल्या होत्या. आतलं ओकणं थांबलं. मग कुजबुज झाली. मग वस्तादीणबाईंचा असा आवाज आला की जणू त्यांना वाट चुकलेलं माणूस सापडलंय. त्या बाहेर आल्या तेव्हा गालावर बोट होतं आणि डोळे भरलेले होते. कांद्यानं नव्हे.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही आजोबा होणार."

पाववाले व्याही मटकन खुर्चीवर बसले. खुर्चीवर पाव होता.

"म्हणजे जेवण जात नव्हतं ते..." वस्ताद पुटपुटले.

"तेच सांगत होतो बाबा!" मुलगा म्हणाला. "तुम्ही बोलू कुठे दिलंत? हिला घास जाईना, वाटलं आईच्या हातचं जाईल, म्हणून खोली बघायला निघालो. काल हिच्या माहेरी गेलो तर दारातूनच परत फिरलो! कांद्याचा वास हिला हल्ली अजिबात सहन होत नाही. म्हणून आज सांगणारच होतो, आम्ही कुठे जात नाही. अख्ख्या गावात कांदा नसलेलं घर एकच आहे, आपलं!"

सगळ्यांनी आधी ताटाकडे पाहिलं. मग व्याह्यांच्या खालच्या पावाकडे. मग वस्तादांकडे.

पुढचा तासभर घरात नुसती पळापळ! पाव बाहेर, ताट बाहेर, दारं-खिडक्या सताड, पाव आणला म्हणून व्याहीही अंगणात. वस्तादांनी तीनदा चुळा भरल्या, बडीशेप चावली, सदरा बदलला आणि लांब उभं राहून विचारलं, "आता?"

सूनबाईंनी दारातूनच नाक आक्रसलं. "येतोय बाबा. थोडासा."

पुन्हा अंघोळ. पुन्हा "आता?" पुन्हा नाक. शेवटी वस्तादीणबाईंनी जवळ येऊन त्यांना हुंगायला सुरुवात केली. केस, कान, मान. मिशांपाशी त्या थांबल्या.

आठवडाभर कांद्याच्या बोटांनी पीळ दिलेल्या त्या मिशा! मेण लावून लावून केसाकेसात मुरवलेला वास!

"नाही," वस्ताद म्हणाले. "ते नाही. पैज जिंकलोय मी!"

 सूनबाई दाराला टेकून उभ्या होत्या, चेहरा लिंबासारखा पिवळा. तरी त्या म्हणाल्या, "राहू द्या बाबा. मी करीन सहन. तुमच्या मिशा आवडतात मला."

एवढं बोलल्यावर काय उरतं? वस्तादांनी सोमवारी दुकान लवकर उघडलं, दार आतून लावलं, आरशासमोर स्वत:च्याच खुर्चीत बसले आणि गिऱ्हाइकाला म्हणतात तसं स्वत:ला म्हणाले, "मान स्थिर ठेवा."

त्या दिवशी शिंपी आला तो उंबऱ्यातच थबकला. मिशा नाहीत! त्याला वाटलं दुकान विकलं गेलं. मग त्याची ट्यूब पेटली.

"म्हणजे पैज खरीच होती! आणि हरलात! वस्ताद, एका कांद्यानं लोळवलं तुम्हाला?"

वस्तादांनी तोंड उघडलं. अख्खा खाल्ला होता, पावाबरोबर खाल्ला होता, चवीनं खाल्ला होता! पण ते सांगायचं तर मिशा का काढल्या ते सांगावं लागणार. आणि घरातली बातमी तूर्त कुणाला सांगायची नाही असं सूनबाईंनी बजावलं होतं. शिंप्याला सांगणं म्हणजे तर दवंडीच!

"हरलो," वस्ताद म्हणाले. आणि वस्तरा असा काही परजला की शिंपी दाढी न करताच गेला.

तेव्हापासून गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना बघून विचारतं, "वस्ताद, कांदा कसा दिला?" ते ऐकून घेतात. संध्याकाळी घरी जाऊन सुनेला दिवसभरातल्या गमती सांगतात आणि ती दोन हात लांब बसून पोट धरून हसते.

राहता राहिली एक अडचण. लागलेली चव काही मिशांबरोबर उतरली नाही. म्हणून हल्ली दुपारी वस्ताद तासभर दुकान बंद ठेवतात आणि वस्तादीणबाईंबरोबर शेजारणीकडे जातात. मूठभर बडीशेप खिशात असते.

कुणी विचारलंच तर सांगतात, वाटी परत करायला चाललोय.